तुटक रेघ

अंकलेश्वर,
वाघबारस

पूज्य मोटीबेन,

वाकून नमस्कार.

मठियांचा डबा पोचला. नीरू म्हणाली, इतकी पातळ मठियं तिला या जन्मात लाटता यायची नाहीत. मी म्हणालो, पुढच्या जन्मी तरी प्रयत्न कर. त्यावरून घरात अबोला आहे, त्यामुळे डबा मी एकटाच संपवतो आहे. तुझा गुडघा कसा आहे? वैद्यांनी दिलेलं तेल लावतेस की कपाटात ठेवून त्याला नुसता नमस्कार करतेस, ते खरं खरं कळव. जशवंतकुमारांना तळलेल्या चोळाफळीपासून लांब ठेव. दिवाळीत त्यांचं पित्त खवळतं आणि मग ते ऑफिसात आमच्यावर उतरतं.

इकडे कंपनीत नवीन म्हणजे तक्ता. अहमदाबादहून सल्लागार आले होते. पंधरवडाभर ते येईल त्याला एकच प्रश्न विचारत होते, तुम्ही कोणाला रिपोर्ट करता? आमच्याकडे असं कोणी कधी विचारलं नव्हतं. ज्याला जे सांगायचं असेल तो शेठच्या केबिनमधल्या हिंचक्यापाशी जाऊन उभा राहायचा, शेठ पायानं झोका थांबवायचे, की समजायचं, ऐकताहेत. भरतसिंह सोलंकी, आमचा शिफ्टचा इनचार्ज, त्याला विचारलं तर म्हणाला, बायकोला. त्यांनी तेही लिहून घेतलं म्हणे.

तर त्या पंधरवड्याचं फळ आता स्वागतकक्षात ठाकोरजींच्या तसबिरीशेजारी लागलं आहे. येता-जाता लोक हात जोडतात, ते ठाकोरजींना की तक्त्याला हे ओळखणं अवघड. प्रत्येकाला एक चौकोन. चौकोनातून वर रेघ. सगळ्यांत वर एका चौकोनात नुसतं 'संचालक मंडळ' असं लिहिलंय, नाव कोणाचंच नाही. तो शेठचाच, हे कोणी सांगायला नको. त्याखाली शेठचं नाव, त्याखाली जशवंतकुमारांचं, आणि तिथून वडाच्या पारंब्यांसारखे आम्ही सगळे.

रेघा दोन जातींच्या आहेत. एक सरळ, एक तुटक. तुमची रजा, पगारवाढ आणि शिव्या ज्याच्या हातात, त्याच्याकडे सरळ रेघ जाते. ज्याला नुसतं कळवायचं, त्याच्याकडे तुटक. सुरक्षा माझ्याकडे, तर माझी सरळ रेघ आता जशवंतकुमारांकडे आणि तुटक शेठकडे. इतकी वर्षं मी सोमवारी सकाळी शेठबरोबर अर्धा कप चहा घ्यायचो आणि प्लांटमध्ये काय धड नाही ते सांगायचो. आता तो चहा तुटक झाला. सल्लागारांपैकी एक मुलगी होती, हुशार आणि गोड, तिनं मला समजावलं की तुटक रेघेवरून माहिती वर जाते, पण निर्णय खाली येत नाही. मी विचारलं, आणि आग लागली तर? ती म्हणाली, चांगला प्रश्न आहे सर.

परवा माझी मोठी फजिती झाली. जशवंतकुमारांनी तुला रंगवून सांगितलीच असेल, तरी माझ्याकडून ऐक. बहिणीच्या नवऱ्याला घरात 'कुमार' आणि ऑफिसात सगळेच 'भाई', हे पथ्य मी नोकरीला लागल्यापासून पाळलं आहे. गेटच्या आत जशवंतभाई, तुमच्या उंबऱ्याच्या आत जशवंतकुमार. कधी चुकलो नाही. परवा मीटिंग होती, शेठ स्वतः बसलेले, लाभपांचमीच्या मुहूर्तावर नवं रिअॅक्टर सुरू करायचं यावर बोलणं चाललेलं. मला एक गोष्ट बोलायची होती. उभा राहिलो, घसा खाकरला आणि म्हणालो, "जशवंतकुमार, माझं याला..." पुढचं तोंडातल्या तोंडात राहिलं, कारण सगळी खोली हसायला लागली. सोलंकी जशवंतकुमारांना म्हणाला, "जावईबापू, पाटावर बसा, वाढायला घेतो." शेठच्या डोळ्यांत पाणी आलं हसून हसून. जशवंतकुमारही हसले आणि म्हणाले, "बोल रे किरीट, काय हवंय, अजून एक लाडू?" मग मीही हसलो आणि खाली बसलो. काय बोलणार होतो ते आता आठवतही नाही.

बाकी सर्व ठीक. एकच सांगायचं होतं. शेठाणी गेल्यापासून मुहूर्ताचं कुंकू तुझ्याच हातचं लागतं, हे मला माहीत आहे. पण नवं रिअॅक्टर दुसऱ्या मजल्यावर आहे आणि जिना लोखंडी, उभा. तुझ्या गुडघ्याला झेपायचा नाही. या वर्षी दुसऱ्या कोणाला सांगायला सांग. गुडघ्याचं कारण पुरे आहे.

भाईबीजेला येतोच. घूघऱ्यांच्या सारणात खोबरं जास्त घाल.

तुझा लाडका
किरीट


अंकलेश्वर,
भाईबीज, संध्याकाळ

पूज्य मोटीबेन,

नमस्कार.

तू पाट मांडून बसली असशील. मी आल्याशिवाय तू तोंडात घास घालत नाहीस, आणि मी फोनवर ड्यूटी आहे म्हणालो तेव्हा तू नुसतं 'बरं' म्हणालीस. तुझं ते 'बरं' मी लहानपणापासून ओळखतो. लाभपांचमीपर्यंत प्लांट बंद आहे, आत पहारेकऱ्यांशिवाय कोणी नाही, हे जशवंतकुमारांनी तुला हिंचक्यावर बसल्या बसल्याच सांगितलं असणार. म्हणजे भाऊ खोटं बोलला हे तुला तेव्हाच कळलं. माझं चुकलं. पण त्यांच्यासमोर पाटावर बसून मला तुझ्या हातचा घास गिळता आला नसता.

हे पत्र नीरू तुला हवेलीत ठाकोरजींच्या दर्शनाच्या वेळी देईल. पोस्टाला सुट्टी आहे, आणि फोन तुमच्या दिवाणखान्यात आहे. वाचून झालं की जशवंतकुमारांना दाखव किंवा दाखवू नकोस, ते तुझ्यावर.

आधीच्या पत्रात लिहिलं होतं की मीटिंगमध्ये काय बोलणार होतो ते आठवत नाही. चांगलंच आठवतं. मला म्हणायचं होतं, माझं याला 'नाही' आहे.

नव्या रिअॅक्टरमध्ये जो माल बनतो तो बनताना स्वतःच तापतो. खालून वाफ द्यायची ती फक्त सुरुवातीला. एकदा त्यानं मनावर घेतलं की मग सगळं काम त्याला गार ठेवण्याचं. त्यासाठी बाहेरून सतत बर्फासारखं पाणी फिरवावं लागतं. ते फिरवायला दोन पंप आहेत, एक चालता आणि एक तयार. तयार असलेल्याचा दांडा तुटला आहे. नवा दांडा देवदिवाळीच्या आत यायचा नाही. म्हणजे आहे तो पंप बसला की संपलं, आणि आपल्याकडची वीज तुला ठाऊक आहे.

त्या मीटिंगच्या आधी अर्ध्या मालाचा घाणा घालून चाचणी घेतली. मी तिथेच होतो. विजेनं डोळा मिचकावला, पंप गचका खाऊन थांबला. वाफ तर आम्ही आधीच बंद केली होती, तरी काटा वर चढत राहिला. कोणी काही करत नव्हतं आणि काटा चढत होता, मोटीबेन. झाकणाच्या कडेनं शिट्टीसारखा आवाज यायला लागला. सोलंकीनं आगीचा पाइप ओढला आणि बाहेरून पाणी मारत सुटला, मी पंपाला लाथा घातल्या, खरंच लाथा घातल्या, आणि तो चालू झाला. काटा थांबला. मग आम्ही सगळे खूप हसलो आणि चहा मागवला.

आता गंमत ऐक. सोलंकी त्याच्या वरच्याला म्हणाला, "साहेब, आज देवानं वाचवलं." वरच्यानं जशवंतकुमारांना सांगितलं की पंपाचा थोडा त्रास झाला, पण माणसांनी सांभाळलं. जशवंतकुमारांनी शेठना सांगितलं की गार पाण्याच्या व्यवस्थेत किरकोळ सुधारणा चालू आहेत. आणि शेठ दुसऱ्या दिवशी मला जिन्यात भेटले ते माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, चाचणी फारच उत्तम झाली म्हणे. यात खोटं कोणीच बोललं नाही. प्रत्येकानं आपल्या वरच्याला झेपेल एवढंच दिलं. तक्त्यात प्रत्येक रेघेच्या टोकाला एक माणूस बसला आहे, तो येणाऱ्या गोष्टीत एक चमचा साखर घालतो आणि वर सरकवतो. वर पोचेपर्यंत नुसता पेढा उरतो.

आणि धोक्याची घंटा होती, काटा एका मर्यादेपलीकडे गेला की वाजणारी. चाचणीत ती सारखी वाजायला लागली, कोणाला कोणाचं बोलणं ऐकू येईना, म्हणून तिची तार काढली. ती अजून काढलेलीच आहे. मी दोनदा जोडायला सांगितलं. सांगितलं म्हणजे विनंती केली, कारण तक्त्याप्रमाणे तिथलं कोणी माझ्या खाली येत नाही.

मग मी ती तुटक रेघ वापरली. शेठना घरी फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "किरीटभाई, हे तुम्ही मला माहितीसाठी सांगितलंत ना? मग मला माहिती झाली. निर्णय जशवंतभाईंचा. आपणच तक्ता लावला, आता आपणच तो मोडायचा का?" आवाज अगदी प्रेमळ होता. मुहूर्त त्यांच्या महाराजांनी काढून दिलेला आहे, आणि माल परदेशी न्यायचं जहाज ठरलेलं आहे. माहिती झाली, पण पायानं झोका काही थांबवला नसणार.

काळीचौदशीला सकाळी जशवंतकुमारांनी मला केबिनमध्ये बोलावलं. फोनची बातमी माझ्या आधी पोचली होती. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी दार लावलं आणि म्हणाले, "किरीट, तुझे वडील गेले तेव्हा मृदुला माझ्यासमोर पदर पसरून उभी राहिली होती. मी तुला आणलं. घरात तू माझा मेहुणा, इथे माझा माणूस. दोन्हीकडून मी वर आहे. तू माझ्या डोक्यावरून उडी मारलीस, ती कुठल्या नात्यानं मारलीस ते सांग." बहीण ज्या घरात दिली त्या घराला मान वर करून बोलायचं नाही, हे बापूजींनी शिकवलं होतं. आणि साहेबाला मान वर करून बोलायचं नाही, हे शिकवावं लागत नाही. मी म्हणालो, चूक झाली जशवंतकुमार. या वेळी कोणी हसलं नाही, कारण आम्ही दोघेच होतो.

म्हणून मी आज आलो नाही.

तू लाभपांचमीला येऊ नकोस. गुडघ्याचं नव्हे, हे खरं कारण आहे. घंटा जोडलेली नाही आणि पंप एकच आहे, आणि मुहूर्ताला पूर्ण घाणा घालायचा आहे, अर्धा नव्हे. कदाचित काहीच होणार नाही. बहुतेक काहीच होणार नाही. तरी तू घरी राहा.

तुझा
किरीट


प्रति,
मा. संचालक,
श्रीमती मृदुलाबेन जशवंतलाल परीख
यांसी,

मोटीबेन, दचकू नकोस. पत्ता चुकलेला नाही. अंकलेश्वरहून चोथीच्या, म्हणजे लाभपांचमीच्या आदल्या दुपारी मीच लिहितो आहे, आणि हे तुला आजच नीरू आणेल त्या भाईबीजेच्या साडीच्या घडीत मिळेल. बांधणी नीरूनं निवडली आहे, तिला नावं ठेवू नकोस. साडीची घडी जशवंतकुमार उलगडत नाहीत म्हणून ही जागा.

नीरूनं तुझा निरोप सांगितला. तू म्हणालीस, मला त्यातलं काय कळतं, ते बघतील, आणि कुंकू लावायला नाही गेले तर शेठ काय म्हणतील. तुझा राग आला नाही. पण त्यानंतर दोन गोष्टी घडल्या, त्या तुला सांगतो.

काल कंपनीची पूजा होती म्हणून मी गेलो. स्वागतकक्षात शिरलो तर तक्ता बदललेला. नवा कागद, गोंद अजून ओला. माझा चौकोन सुरक्षेच्या खाली नव्हता. शोधावा लागला. अगदी कोपऱ्यात, 'प्रशिक्षण' असं लिहिलेल्या ठिकाणी मी होतो, आणि मला एकच रेघ होती, जशवंतकुमारांकडे, तीही तुटक. सरळ रेघ कुठेच जात नव्हती. सुरक्षेच्या चौकोनात सोलंकीचं नाव. आता शिफ्ट चालवायची त्यानं आणि ती सुरक्षित आहे असं सांगायचंही त्यानंच. मी त्याला शोधून काढला. तो प्रसादाच्या द्रोणात बघत म्हणाला, "किरीटभाई, सही माझी झाली. मला दोन मुली आहेत, तुम्हाला माहितेय." नेहमी काहीतरी टोमणा मारणारा माणूस, काल त्याला एकही सुचला नाही.

म्हणजे 'नाही' म्हणणाऱ्याला काढून टाकत नाहीत, मोटीबेन. त्याची रेघ तुटक करतात. पगार चालू राहतो, चहा मिळतो, लोक 'या किरीटभाई' म्हणतात. फक्त तुम्ही बोललेलं कुठेच पोचत नाही. माझ्या जागी उद्या दुसरा कोणी 'नाही' म्हणाला तर गोंदाची बाटली टेबलावरच आहे.

मी जशवंतकुमारांच्या केबिनमध्ये गेलो. भांडायला गेलो होतो, खोटं कशाला सांगू. ते खिडकीशी उभे होते, पित्ताची गोळी हातात, पाणी शोधत होते. मी पाणी दिलं. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुला वाटतं मला भीती वाटत नाही? मी वर कोणाला सांगू? शेठना मुहूर्त पुढे ढकला म्हणून सांगणारा माणूस या कंपनीत अजून जन्माला आला नाही." आणि मग, अगदी हळू, "मुहूर्ताला मीही तिथेच उभा असणार आहे ना?" इतक्या वर्षांत ते माझ्याशी असं कधी बोलले नव्हते. ते आपल्यावरच चिडले आणि म्हणाले, जा आता. त्यांच्याविषयी माझ्या मनात जो राग होता तो मी घेऊन गेलो होतो तेवढा घेऊन परत आलो नाही. त्यांचीही रेघ वर जाते, आणि ती सरळ आहे. तिला ते कसे तोडणार?

टेबलावर नव्या रिअॅक्टरची फाइल उघडी होती. सुरू करण्याच्या मंजुरीचा कागद वर होता. खाली शेठची सही, आणि शेठच्या सहीशेजारी तुझी. पेन्सिलीच्या फुलीवर, नेहमीसारखी, 'मृदुला'मधला 'ला' जरा खाली घसरलेला. आणि कागदाच्या कोपऱ्यात तुपाचा डाग, त्यात मैद्याचा अंगठा उठलेला. घूघरे भरताना ड्रायव्हर कागद घेऊन आला असणार, तू बोटं पदराला पुसली असशील आणि विचारलं असशील, कुठे करायची? कंपनी सुरू झाली तेव्हा करसवलतीसाठी तुझं नाव संचालकांत घातलं, तेव्हापासून तू अशाच सह्या करत आली आहेस. तुला कोणी कधी वाचून दाखवलं नाही आणि तूही विचारलं नाहीस. त्यात तुझा काय दोष? आपल्या घरातल्या सगळ्याच बायका कुठल्या ना कुठल्या कंपनीच्या संचालक आहेत.

मग बाहेर आलो आणि तक्त्यासमोर उभा राहिलो. माझा चौकोन. वर जशवंतकुमार. वर शेठ. आणि शेठच्याही वर तो एक चौकोन, ज्यात नाव लिहिलेलं नाही.

मोटीबेन, तो चौकोन तुझा आहे. शेठ आणि तू. तिसरं नाव शेठाणींचं होतं, त्या गेल्या. मी ज्याला रिपोर्ट करतो तो ज्याला रिपोर्ट करतो, तो तुला रिपोर्ट करतो. सगळ्या कंपनीत जशवंतकुमारांच्या वर बसलेलं, शेठच्या बरोबरीचं एकच माणूस आहे, आणि ते भरूचला गुडघ्याला तेल लावत बसलं आहे.

म्हणून हे पत्र भावाचं नाही. भाऊ दोन पत्रांत लिहून थकला. हा रिपोर्ट आहे. साखर न घालता लिहितो. नवं रिअॅक्टर उद्याच्या मुहूर्ताला सुरू करणं सुरक्षित नाही. एक पंप तुटलेला आहे. घंटा मुकी आहे. चाचणीत ते हाताबाहेर गेलं होतं आणि आम्ही नशिबानं वाचलो. उद्या पूर्ण घाणा आहे आणि त्याच्याभोवती हार, पेढे आणि निम्मी कंपनी असेल, बायकामुलांसह. पाण्याचा पाइप या वेळी पुरणार नाही. दुसरा पंप लागेपर्यंत आणि तार जोडेपर्यंत थांबा, एवढंच माझं म्हणणं आहे.

तुला पंपातलं काही कळायची गरज नाही. शेठ बँकेला घाबरत नाहीत, सरकारला घाबरत नाहीत, पण सवाष्णीनं हात आखडता घेतला तर ते रिअॅक्टर सुरू करू देणार नाहीत. त्यांनी शेठाणींच्या माघारी तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाचं कुंकू त्या भांड्यांना लागू दिलं नाही. तू फक्त त्यांना फोन करून सांग, माझं मन मानत नाही, दुसरा पंप बसल्याशिवाय मी हात लावणार नाही. संचालक म्हणून सांग, नाहीतर मृदुलाबेन म्हणून सांग. आपल्या शेठना दुसरं जास्त लवकर कळेल.

मी काय मागतो आहे हे मला माहीत आहे. फोन तू करशील तो दिवाणखान्यातून, आणि हिंचका तिथून दोन हातांवर आहे. मला जास्तीत जास्त नोकरी गमवावी लागेल, ती तशीही कोपऱ्यात चिकटवलेली आहे. तुला मात्र फोन ठेवल्यावर त्याच घरात ताटं वाढायची आहेत. ते तुझ्याशी महिनाभर बोलणार नाहीत. कदाचित जास्त. बापूजी असते तर त्यांनी मला हे पत्र लिहू दिलं नसतं. मला तुझी दया येते आणि तरी मी मागतो आहे, कारण मला दुसरं कोणी उरलेलं नाही. आणि हेही लिहून ठेवतो, की ते एक दिवस बोलायला लागतील. बोलायला ते असले पाहिजेत.

आतापर्यंत तू म्हणू शकत होतीस की मला काय कळतं. मीटिंगमध्ये सगळे हसले तेव्हा शेठही त्या हसण्यातून तेच म्हणत होते, जिन्यात माझी पाठ थोपटली तेव्हाही. जो तो वरच्याला कमी सांगतो ते दुष्टपणानं नव्हे. ज्याला पूर्ण कळलं त्याच्या गळ्यात ते पडतं, म्हणून सांगणाराही सांभाळून सांगतो आणि ऐकणाराही कान अर्धाच देतो. मी तुला पूर्ण सांगितलं. ते आता तुझ्या गळ्यात आहे.

उद्या सकाळी मी वर जाणार आहे. प्रशिक्षणवाल्याचं तिथे काही काम नाही, पण जिन्यावर मला कोणी अडवणार नाही. मी त्या पंपापाशी उभा राहीन. तू आली नाहीस तर मला कळेल की फोन झाला. तू कुंकवाची वाटी घेऊन जिना चढताना दिसलीस तर मी काही बोलणार नाही. खाली येऊन तुझा हात धरीन, गुडघ्याला त्रास होऊ देणार नाही, आणि तुझ्याबरोबर वर येऊन तुझ्या शेजारी उभा राहीन. आपल्या दोघांमधली रेघ तरी कोणाला तुटक करता येणार नाही.

पत्राच्या शेवटी 'कळावे' लिहायची पद्धत आहे. या वेळी ते लिहीत नाही. तुला कळलं आहे.

आपल्या आज्ञेची वाट पाहणारा,
किरीट